कानामागची माती

हॉटेलच्या काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीने दोघांच्या हातात एकेक थंडगार ओला रुमाल ठेवला आणि विचारलं, "सर, मॅडम, तुमचं जोडप्यांचं पॅकेज आहे ना?"

दादा तेव्हा भिंतीवरची सूचना वाचत होता. पोहण्याच्या तलावात काय करू नये, याची ती सूचना होती आणि तिच्यात चुका होत्या. त्यामुळे "हं" म्हणायचं काम बेबीवर आलं. तिने ते रुमालात तोंड खुपसून केलं.

साठी उलटली तरी बेबीला सगळे बेबीच म्हणत. दादाची ती धाकटी बहीण. शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेली. गुडघे तिच्याही आधी निवृत्त झाले होते. दादाने जन्मभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. नोकरी संपली, छापखानाही बंद पडला, पण खिशातली पेन्सिल काही गेली नाही. दुकानाची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, चूक दिसली की ती त्याला चपलेतल्या खड्यासारखी टोचायची. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ही वाळवंटातली सहल भाचीने ठरवली होती. भाची म्हणजे दादाची मुलगी, लग्न होऊन दूर राहणारी. ती रांगत असतानाच तिची आई गेली. बेबी तेव्हा वेगळ्या गावी, स्वतःच्या खोलीत राहत होती. नोकरी नुकतीच लागली होती आणि पाणीपुरवठा खात्यातल्या एका माणसाशी लग्न ठरल्यात जमा होतं. एके दिवशी दादा तिच्या दारात येऊन उभा राहिला. मुलीला तिच्या हातात दिलं आणि पायरीवर बसून रडला. बेबी थोडे महिने म्हणून त्याच्या घरी गेली आणि पुढे तिथल्याच शाळेत चिकटली. पाणीपुरवठेवाला बरेच दिवस थांबला. त्याने तरी किती थांबायचं?

आता इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला पुन्हा काहीतरी विचारलं होतं. शाळेतल्या जुन्या चित्रकलेच्या बाई मुलींचं एक वसतिगृह चालवत. तिथेच राहून मुलींकडे लक्ष देणारी बाई त्यांना हवी होती. तळमजल्यावर एक खोली, खोलीला आतून कडी, खिडकीशी शिवणयंत्र बसेल एवढी जागा. दादाला हे ठाऊक नव्हतं. भाचीला मात्र बेबीने फोनवर चाचरत सांगितलं, आणि भाचीने दुसऱ्याच दिवशी हे पॅकेज घेऊन टाकलं.

"आत्या, तू दमलीयस, दुसरं काही नाही," भाची म्हणाली. "अंगाला माती लावून घे, मालीश करून घे, दोन दिवस आयतं खा. ताजीतवानी होशील. मग तुझं तुलाच वाटेल, कशाला जायचं कुठे! बाबांचं तुझ्याशिवाय कसं व्हायचं, सांग बरं?"

"त्याचं काय, पुस्तक दिलं की तो गप्प बसतो."

"पुस्तक चहा करत नाही, आत्या. आणि हे बघ, पॅकेज जोडप्यांचं आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे कुत्रं फिरकत नाही, म्हणून स्वस्तात देतात. कुणी विचारलं तर नुसतं हं म्हणायचं. बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते तिथे शुद्धिपत्रक काढतील."

बेबी हसली होती. चित्रकलेच्या बाईंना तिने सांगितलं, "दोन दिवस जाऊन येते आणि हो की नाही ते कळवते." त्या म्हणाल्या, "ये जाऊन. तोवर खोली कुणाला देत नाही."

खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. दार उघडताच एसी घरघरत अंगावर आला. आत एकच मोठा पलंग, आणि पलंगावर टॉवेलांचे दोन हंस. माना एकमेकींना टेकलेल्या, मधे बदामाचा आकार.

दादा सवयीने आधी खिडकीकडे गेला. बाहेर वाळू, वाळूत पाण्याची एक टाकी, टाकीमागे पुन्हा वाळू. तेवढ्यात बेबीने दोन्ही हंस शेपटीला धरून उसकटले आणि घडी करून कपाटात टाकले. घडी करताना तिला उगीचच वाईट वाटलं. कुणीतरी मन लावून केले होते ते.

"पलंग एकच आहे," दादा वळून म्हणाला. "खोली चुकलीय. मी विचारून येतो."

"मी विचारलं. दुसरी नाही."

"कधी विचारलंस?"

"तू सूचना वाचत होतास तेव्हा."

"मग मी सोफ्यावर झोपतो. तुझी पाठ धरायला नको." असं म्हणून त्याने आपली पुस्तकं सोफ्याशेजारी नीट रचली. तो वाईट नव्हता. अडचण तीच होती. वाईट असता तर ती केव्हाच निघून गेली असती.

मातीच्या लेपाची खोली तळघरात होती. आत दोन टेबलं शेजारी शेजारी, दोन्हींवर पांढऱ्या चादरी, मधे प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. मालीशवाली चाळिशीची, रुंद मनगटांची बाई होती. तिने बेबीच्या मागे दाराकडे पाहिलं.

"साहेब नाही आले?"

कोण साहेब, असं बेबी विचारणार होती. तोंडातून निघालं, "ह्यांना लाज वाटते."

ह्यांना. हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा वापरला. शाळेच्या शिक्षक-खोलीत तो दिवसभर कानावर पडायचा. ह्यांची बदली, ह्यांचा डबा, ह्यांचं ब्लडप्रेशर. तेव्हा तिला त्याचा कंटाळा यायचा. आज तो तिच्याच जिभेवर होता, आणि आश्चर्य म्हणजे बरा वाटत होता.

"पुरुषमाणसं अशीच," मालीशवाली म्हणाली. "बायको ओढून आणते आणि हे टेबलावर पडल्या पडल्या घोरायला लागतात. नाही आले तर बरंच झालं, मॅडम. त्यांच्या वाटणीच्या वेळात मी जरा त्या टेबलावर टेकते. सकाळपासून उभी आहे. चालेल ना? फक्त वर सांगू नका."

"टेका की."

मालीशवालीने गरम माती तिच्या पाठीवर, मानेवर, पार कानामागेपर्यंत थापली. डॉक्टर सोडले तर आपल्या पाठीला कुणाचा हात लागून किती वर्षं झाली, हे बेबीला आठवेना. तिने आठवायचा नाद सोडला.

"ही इथल्याच वाळवंटातली माती ना?" तिने विचारलं. हॉटेलच्या माहितीपत्रकात तसं होतं.

"इथे कुठली माती, मॅडम! इथे नुसती वाळू. माती गोण्यांतून येते. आम्ही कालवतो."

मग तिने बेबीला पार्सलसारखं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, शेजारच्या टेबलावर चढून बसली आणि पाय पसरून मोठा सुस्कारा सोडला. दोघी बायका शेजारी शेजारी, छताकडे बघत.

"साहेब कसे आहेत स्वभावाने?"

बेबीने सांगायला सुरुवात केली. कधी आवाज चढवला नाही. मीठ कमी पडलं तरी मुकाट खातात. सकाळी पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवतात, मला कळो न कळो. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज उशाशी बसले. वाचतच बसले, पण बसले. साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना अजून ठाऊक नाही. मालीशवाली हसत होती आणि बेबी बोलत होती. सांगितलं त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त 'ह्यांना' तेवढं खोटं होतं.

न्हाणीघरात पाणी करंगळीएवढ्या धारेने येत होतं. माती पुरती निघाली नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठी आणखी एक जोडपं भेटलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा, पोटावर टॉवेल पसरून बसलेला. त्याची बायको ठेंगणी आणि चौकस. दादा जरा लांब, छत्रीच्या सावलीत, पुस्तकात नाक घालून बसला होता. मधूनच हॉटेलच्या मेनूकार्डावर पेन्सिल चालवत होता.

"काय वहिनी," बँकवाला ओरडला, "आमच्या साहेबांचं पुस्तकाशी लग्न लावून दिलंत की काय?"

बेबीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

वहिनी. दादाच्या बायकोला तीच वहिनी म्हणायची. वहिनी, चहा ठेवू का. वहिनी, बाळाला घेऊ का. तिला स्वतःला लोकांनी बेबी म्हटलं, आत्या म्हटलं, बाई म्हटलं, शेजारच्या पोरांनी मावशी म्हटलं. वहिनी कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यासाठी मधे एक माणूस लागतो.

"तसंच म्हणा," ती म्हणाली. "मी सवत म्हणून नांदतेय."

बँकवाला तलावात पडेल एवढा हसला. त्याची बायको खुर्ची ओढून जवळ आली.

"तुमचं ठरवून झालं का हो, की आपलं आपण?"

"आपलं आपण."

"अगं बाई! यांच्याकडे बघून वाटत नाही."

आणि बेबीने सांगून टाकलं. मी एका खोलीत एकटी राहायचे. नळाला पाणी येईना, म्हणून अर्ज केला, तर हे बघायला आले. नळ दुरुस्त झाला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणाले, पाण्याचा दाब बघायला आलोय. तिसऱ्या दिवशीही दाबच बघायला. शेवटी मी म्हटलं, अहो, नळाला काही झालेलं नाही. तर म्हणाले, मला ठाऊक आहे, मीच दुरुस्त केलाय.

बँकवालीने तोंडाला पदर लावून हसू दाबलं. हे बेबीने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं हेही तिला आत्ताच कळत होतं. इतकी वर्षं ते एका कोपऱ्यात पडून होतं आणि आता भलत्याच माणसाच्या अंगावर चढवलं, तर बेतल्यासारखं बसलं होतं.

दुपारी ती दादाच्या खुर्चीजवळ गेली.

"दादा, आज तू पण चल ना खाली. शेजारचं टेबल रिकामंच असतं."

"मला कशाला चिखल? तू घे. गुडघ्यांना आराम पडेल."

"बरं, एक बोलायचं होतं. घरी गेल्यावर—"

"हो, मलाही आठवलं," दादा पुस्तकात बोट ठेवून म्हणाला. "माळ्यावरचे पुस्तकांचे खोके खाली काढायला हवेत. वाळवी लागलीय बहुतेक. घरी पोचलो की सगळी पुस्तकं उन्हात घाल."

"माझे गुडघे आहेत, दादा."

"म्हणून तर इथे आलो ना."

त्याने हे इतक्या सहजपणे म्हटलं, की तिला राग यायलाही थोडा वेळ लागला. तोवर तो पुन्हा पुस्तकात गेला होता. ती एकटीच तळघरात उतरली. त्या दिवशी ती मालीशवालीशी फारसं बोलली नाही. मालीशवालीला शेजारच्या टेबलावर डुलकी लागली, आणि बेबी प्लॅस्टिकमध्ये घट्ट पडून राहिली. तिला वाटत होतं, खोली आहे, कडी आहे, सगळं आहे. फक्त त्याला सांगायला तोंड उघडत नाही. कदाचित उघडणारही नाही. उद्या घरी जाईन आणि खोके काढीन.

सूर्य मावळता मावळता गच्चीवर जेवण होतं. हेही पॅकेजमध्येच होतं. प्रत्येक जोडप्याला वेगळं टेबल, टेबलावर मेणबत्ती. पण बँकवाल्याने आपलं टेबल ओढून यांच्या टेबलाला लावलं. वाळूवरून गरम वारा येत होता, मेणबत्त्या पुन्हा पुन्हा विझत होत्या आणि वेटर त्या पुन्हा पुन्हा पेटवत होता. सूप आलं, पाव आला. बँकवाला आपल्या बँकेतल्या साहेबांचे किस्से सांगत होता. दादा मान डोलावत होता. बेबीने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. बँकवाली म्हणाली, "वहिनी, रंग खुलतो हो तुम्हाला." दादाने वर पाहिलं. 'वहिनी' हा शब्द त्याने ऐकला, हे बेबीला दिसलं. त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली. प्रुफात काहीतरी दिसलंय पण नक्की काय ते कळत नाही, तेव्हा पडायची तशी.

मग वेटर केक घेऊन आला. केकवर लाल क्रीमचा बदाम.

"सर, आधी तुम्ही मॅडमना भरवा. मी फोटो काढतो."

दादा काटा हातात धरून बसला. काट्यावर केकचा तुकडा होता. बेबी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "दे पटकन. संपव." एवढंच. एक घास, एक फोटो. उद्या सकाळी सगळे आपापल्या वाटेने जातील, कुणाचं काही जाणार नाही. तिला वाटलं, हा आत्ता एवढं करेल तर मी त्याचे सगळे खोके माळ्यावरून काढीन. नंतर या विचाराची तिला फार लाज वाटली.

"अहो, लाजताय काय!" बँकवाला म्हणाला. "नळ दुरुस्त करताना नाही लाजलात! पाण्याचा दाब बघायला रोज जात होतात म्हणे!"

"नळ?" दादा म्हणाला. "कुठला नळ?"

"वहिनींनी सगळं सांगितलंय आम्हाला, आता लपवू नका," बँकवाली म्हणाली.

दादाने काटा खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी छापखान्यात होतो. नळाचं मला काही कळत नाही. आणि ही माझी बायको नव्हे, माझी बहीण आहे." वाक्य अपुरं राहिलंय असं वाटून त्याने पुढे जोडलं, "माझी बायको गेल्यापासून ही माझ्याकडेच असते. हिला दुसरं कोण आहे?"

वेटर मोबाइल वर धरून तसाच उभा होता. मेणबत्ती विझली. या वेळी ती कुणी पेटवली नाही.

"असं होय," बँकवाला म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली येऊ शकतो, हे तेव्हा कळलं. "आम्हाला काय कल्पना, ताई."

ताई. एका वाक्यात उतरवलं.

"मग तो नळाचा...?" बँकवालीला राहवेना.

"ते दुसरे होते," बेबी म्हणाली. तिने दादाच्या ताटलीतला काटा उचलला आणि केकचा तो तुकडा स्वतःच खाल्ला. कोरडा होता.

व्हरांड्यातून खोलीकडे जाताना दादा तिच्या मागे मागे चालत होता.

"बरं झालं वेळीच लक्षात आलं," तो म्हणाला. "तू त्यांना असं का वाटू दिलंस? आपण काही लपवाछपवी करणारी माणसं नाही. जे आहे ते सांगितलं की मोकळं."

"काय सांगितलंस?"

"खरं ते."

"मला दुसरं कोण आहे, हे खरं?"

"म्हणजे? आहे का कुणी?"

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. बेबी थांबली आणि वळली.

"मी तुझ्याकडे नसते, दादा. तू माझ्या दारात आला होतास. पोरीला माझ्या हातात दिलंस आणि पायरीवर बसून रडलास."

दादाने आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे, व्हरांड्यात उभा राहून.

"मी?" तो शेवटी म्हणाला. "नाही गं. मला वाटतं, तुझी नोकरी धड नव्हती, खोलीही जेमतेम होती, म्हणून मीच तुला घेऊन आलो. तसंच काहीसं होतं ते."

जगभरच्या चुका हुडकणाऱ्या माणसाने ही एक चूक इतकी वर्षं छातीशी धरून ठेवली होती, आणि ती त्याला एकदाही टोचली नव्हती. आता बोलण्यासारखं फार थोडं उरलं होतं, आणि ते व्हरांड्यात बोलण्यासारखं नव्हतं.

सकाळी तिची डोक्याची मालीश बाकी होती. मालीशवाली लगेच कामाला लागली. हात भराभर चालत होते. शेजारच्या टेबलावरची चादर काढून नेली होती.

"आज टेकत नाही का?" बेबीने विचारलं.

"कुठली टेकतेय! वरून निरोप आला, जोडपं नाही, माणूस एकच आहे, तर वेळही एकाचाच धरा. तुमच्यानंतर लगेच दुसरी बाई आहे." मग ती म्हणाली, "मला तरी सांगायचंत, ताई. मी काय कुणाला सांगितलं असतं?"

"चुकलंच माझं."

"पण साहेबांचं जे सांगत होतात... मीठ, पेपर, टायफॉइड?"

"ते सगळं खरं."

"मग फरक काय पडला?"

बेबी डोळे मिटून पडली होती. तेलाचा ओघळ कानाकडे येत होता.

"नवऱ्याला सोडून निघाले म्हटलं, तर लोक निदान का म्हणून विचारतात," ती म्हणाली. "भावाला सोडून निघाले म्हटलं, तर त्याला नावसुद्धा नाही."

मालीशवालीचे हात क्षणभर थांबले. मग घड्याळाकडे बघून पुन्हा चालू झाले.

निघताना काउंटरवर तीच चष्मेवाली मुलगी होती. तिचं हसू आज जरा मोजकं होतं. पॅकेजसोबत प्रत्येकाला मातीची एकेक डबी भेट मिळायची. प्रवासात गळते, म्हणून हॉटेल ती घरपोच पाठवायचं.

"दोन डब्या आहेत, सर. जोडप्याला आम्ही एकत्रच पाठवतो, पण आता..." ती अडखळली. "पत्ता एकच ना?"

"एकच," दादा म्हणाला आणि घराचा पत्ता सांगू लागला. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, ऐकणाऱ्याकडून चूक होऊ नये म्हणून.

"चूक," बेबी म्हणाली.

दादाने चमकून तिच्याकडे पाहिलं. "कुठे चुकलं? बरोबर तर सांगितला."

"तुझा बरोबर आहे. माझा वेगळा आहे." मग ती मुलीकडे वळली आणि तिने वसतिगृहाचा पत्ता सांगितला. रस्ता, खूण, तळमजला, पहिली खोली. काल दुपारपर्यंत जे तोंड उघडत नव्हतं, ते आता एका परक्या मुलीसमोर भडाभडा बोलत होतं. "मुलींचं वसतिगृह आहे. मी तिथे कामाला लागतेय. राहायलाही तिथेच."

"बेबी, हे काय?"

"पत्ता," ती म्हणाली.

बँकवाला आणि त्याची बायको सामान घेऊन मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. दोघांनीही एकदम तलावाकडे बघायला सुरुवात केली.

टॅक्सी निघाली. दोन्ही बाजूंना वाळू मागे पळत होती. बेबी वाट बघत होती. दादा विचारेल, का? आता तरी विचारेल. मग ती त्याला सगळं नीट, न भांडता सांगणार होती. तिने शब्दही जुळवून ठेवले होते. दादा पुस्तक न उघडता मांडीवर घेऊन बसला होता.

"मग," तो शेवटी म्हणाला, "सकाळी दूध कोण घेणार?"

बेबीने जुळवलेले शब्द गिळले. वसतिगृहातही दूध तिलाच घ्यायचं होतं, चांगलं मोठ्या पातेल्यात, एवढ्या सगळ्या मुलींचं. आणि त्या मुलीही तिला मावशीच म्हणणार होत्या. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. कडी मात्र आतून होती.

"तू घे," ती म्हणाली. "दार उघडायचं, पातेलं पुढे करायचं. तेवढं येईल तुला."

दादाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. तिला पुढचं सगळं दिसलं. तो स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत उभा राहील, भाची फोन करून रडेल, आत्या, तू अशी कशी वागलीस म्हणेल. काळजात एकदा लख्ख कळ आली. ती तिने येऊ दिली, आणि टॅक्सी काही थांबवली नाही.

मग दादाने खिशातून रुमाल काढला. आल्या दिवशी काउंटरवर मिळालेला तो रुमाल त्याने निघताना नीट घडी करून घेतला होता.

"तुझ्या कानामागे माती राहिलीय," तो म्हणाला आणि रुमाल पुढे केला.

बेबीने कानामागे बोट फिरवलं. वाळलेली, खरखरीत माती होती. गोणीतून आलेली.

"राहू दे," ती म्हणाली.